पहिल्या टॉवेलचं कुंकू

सोलापुरात टॉवेल का होतो, हा प्रश्न सोलापुरात कुणी कुणाला विचारत नाही. ऊन असतं तसा टॉवेल असतो. मला मात्र हा प्रश्न नोकरीच्या चौथ्या वर्षी लेखी सोडवावा लागला आणि मी त्याचं उत्तर साफ चुकवलं. संपादकांनी "तुमच्या निर्यातीच्या दिवसांवर लिहा" असं सांगितलं, तेव्हा काहीतरी भारदस्त आठवावं म्हणून मी दोन दिवस खुर्चीत बसून राहिलो. आठवली ती हीच चूक. तेव्हा तिच्यापासूनच सुरुवात करतो. बढाई पुढे ओघाने येईलच, तिची काळजी नको.

मी मूळचा सोलापूरजवळच्या मंद्रूपचा. घरी शेती, भावांत मी धाकटा. कॉलेजात अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालो आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सोलापुरात एका टॉवेल कारखानदाराकडे निर्यात विभागात लागलो. निर्यात विभाग म्हणजे एक टेबल, एक टाइपरायटर आणि मी. मालकांना सगळे अण्णा म्हणत. पद्मशाली विणकर घरातले, शिक्षण चौथीपर्यंत, घरात तेलुगू, बाजारात मराठी. टॉवेल डोळे मिटून हातात घेतला तरी कुणाच्या लूमवरचा ते सांगत. इंग्रजी पत्र आलं की मी वाचून अर्थ सांगायचा आणि त्यांनी म्हणायचं, "एवढं लांब लिहून शेवटी डझनच मागतो की रे हा!"

माझ्या डोक्यात तेव्हा कॉलेजची पुस्तकं ताजी होती. देशादेशांत व्यापार का होतो, याचा एक जुना सिद्धांत आहे. ऐकायला जड, पण आमच्या घरात तो रोज चाले. थोरला भाऊ माझ्यापेक्षा कोळपणी चांगली करी आणि बाजारही माझ्यापेक्षा चांगला करी. तरी मंद्रूपच्या आठवडी बाजाराला वडील मलाच पाठवत. कारण बाजारात मी त्याच्यापेक्षा थोडा कमी होतो, पण कोळपणीत अगदीच निकामी होतो. थोरल्याला बाजारात अडकवलं असतं तर रान तणाने भरलं असतं. देशांचंही असंच. एखादा देश सगळ्यात हुशार असला तरी त्याने सगळंच करायचं नसतं, आणि जो सगळ्यात मागे त्यालाही करण्याजोगं काहीतरी उरतंच. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, कारण सगळ्यात मागे कोण ते मला घरातच ठाऊक होतं.

दुसरा सिद्धांत कारखाना कुठे काढावा याचा. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाना उसाच्या फडाजवळ निघतो. गाडीभर उसातून पोतंभर साखर निघणार, मग उरलेलं चिपाड लांब वाहून न्यायचं कशाला? सुताचं तसं नाही. जेवढं सूत तेवढंच कापड, वजन फारसं घटत नाही. मग लूम सुताजवळ ठेवा, नाहीतर बंदराजवळ ठेवा. पुस्तक म्हणतं, भाडं वाचेल तिथे ठेवा.

आता आमचा धंदा सांगतो. टर्किश टॉवेलला उभ्या धाग्यांचे दोन बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले रूळ, लागतात. एक ताठ ताणलेला, दुसरा सैल. सैल बीमचा धागा वर उचलून येतो आणि त्याचे बारीक फंदे होतात. अंग पुसतात ते फंदे. ताण थोडा चुकला की एका बाजूला मऊ आणि दुसऱ्या बाजूला गोणपाट. हे काम आमच्याकडे एका छपराखाली होत नसे. अण्णांचे थोडे लूम स्वतःच्या शेडमध्ये होते, बाकीचे गल्लीतल्या घराघरात. पुढच्या खोलीत दोन लूम, मागे चूल, मध्ये पाळणा. नवरा लूमवर, बायको धोट्यासाठी आडव्या सुताच्या कांड्या भरतेय, सासरे तुटलेला धागा सांधतायत. बाहेरच्या माणसाला दोन मिनिटांत कानठळ्या बसत आणि आतलं बाळ मात्र लूम थांबला की जागं होई.

गिऱ्हाइकंही नमुनेदार. एका बेल्जियमवाल्याने लिहिलं, तुमच्या टॉवेलला कसल्यातरी फळाचा वास येतो. सुताला आम्ही चिंचोक्याची खळ देत असू, तिचा तो वास. मग आम्ही टॉवेल तीन पाण्यांतून काढले. पुढच्या वर्षी त्याचं पत्र: माल चांगला आहे, पण तो वास का गेला? अण्णांनी पत्र ऐकलं आणि म्हणाले, "त्याला एक किलो चिंच पाठव."

तर मुद्द्याची गोष्ट. दुष्काळ नुकताच सरला होता, विजेची मात्र अजून रड होती. अशात हॅम्बुर्गच्या एका मोठ्या दुकानाची आम्हाला पहिलीच ऑर्डर आली. पांढरा टॉवेल, निळी किनार. मधले मुंबईचे एजंट, पांढऱ्या बुटांचे, फार नीटनेटके गृहस्थ. ऑर्डरबरोबर त्यांनी एक नकाशाही आणला. बंदरापासून तासाभराच्या अंतरावर जागा होती. शेड बांधून मिळणार, वीज जात नाही, हवा दमट म्हणून सूत तुटत नाही. "अण्णा, सगळे लूम इकडे आणा. दर वर्षी दुप्पट काम देतो."

अण्णांनी नकाशा माझ्यापुढे सरकवला. "शिंदे, तू शिकलेला हायस. कागद कर. जायचं का ऱ्हायचं."

मी आठ दिवस खपून कागद केला. असा कागद मी आयुष्यात पुन्हा केला नाही. सूत बाहेरून येतं, कोळसा बाहेरून येतो, माल मुंबईहून जातो. सोलापुरात पाणी कमी, वीज बेभरवशी, हवा कोरडी, सूत तुटू नये म्हणून जमिनीवर पाणी मारायचं तर तेही नाही. मजूर तिकडेही मिळतात. सगळ्याची बेरीज केली आणि खाली लाल रेघ मारून लिहिलं: लूम बंदराजवळ हलवणं हिताचं. अण्णांनी कागद वाचून घेतला, घडी घालून खिशात ठेवला. जागेच्या कागदावर सह्या करायला पुढच्या महिन्यात जायचं ठरलं. गल्लीतल्या चाळीस घरांचे लूम त्या घडीत होते. ते मला तेव्हा दिसलं नाही असं कसं म्हणू? दिसलं होतं. मी त्यांना 'मजूर' या रकान्यात घातलं होतं आणि रकाना बरोबर भरला म्हणून खूश होतो.

हॅम्बुर्गचा माल गाठी बांधून मुंबईला गेला आणि आठवड्याने एजंट स्वतःच आले. त्यांनी पिशवीतून तीन टॉवेल काढून टेबलावर टाकले. मधल्याच्या कोपऱ्यावर लाल-पिवळा डाग, वरच्या आणि खालच्या टॉवेलवर त्याचा ओघळ. म्हणाले, "तपासणीत गाठी उघडल्या. बऱ्याच गाठींत असंच आहे. सगळा माल नापास. बोट दहाव्या दिवशी सुटते. बदलून द्या, नाहीतर ऑर्डर गेली. घरोघरी काम दिलं की हे असं होतं, अण्णा. शेडमध्ये एका देखरेखीखाली हे झालं नसतं."

अण्णा माझ्याकडे बघत होते. मी डागाकडे बघत होतो आणि माझे कान तापले. कारण असा एक टॉवेल घडी घालताना मी स्वतः पाहिला होता. पाहून नकळत हात कपाळाला लावला होता आणि पुढे गेलो होतो.

मी टॉवेल घेऊन थेट अंबादासच्या घरी गेलो. अंबादास आमच्या गल्लीतला सगळ्यात जुना विणकर, आणि त्याची बायको नरसम्मा सगळ्यात स्पष्ट बोलणारी. तिने टॉवेल हातात घेतला आणि हसली.

"हे तर बीमचं कुंकू हाय की."

"अक्का, हे गाठीत कसं गेलं?"

"कसं म्हंजे? नवा बीम चढला की पयल्या टॉवेलला हळदकुंकू लावतात. तुमाला म्हाईत न्हाई? पयला टॉवेल लक्ष्मीचा. तो इकत न्हाईत. घरात ठिवतात, बाळंतिणीला, न्हाईतर पावण्याला."

"मग ठेवला का नाही?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला उत्तर आधीच कळलं. "तुमीच आला होता की दारोदार. सूत तोलून दिलंय, परदेशी माल हाय, एकबी पीस घरात ऱ्हायचं न्हाई. आमी म्हनलं, साहेब म्हंत्यात तर लक्ष्मीचा बी घ्या. मला लई वाईट वाटलं. पन दिला."

इथल्या बाजारासाठी माल विणताना तो पहिला टॉवेल घरी राहतो हे सगळ्या व्यापाऱ्यांना माहीत होतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नसे. हॅम्बुर्गचा माल म्हणून या वेळी कडक शिस्त आणणारा शहाणा मी. चाळीस घरांनी माझा हुकूम पाळला. घडी घालणाऱ्या बायकांनी डाग पाहिले नाहीत असं नाही, सगळ्यांनी पाहिले. पण कुंकू हा डाग असतो, हे त्यांच्यापैकी कुणाच्या मनात येणंच शक्य नव्हतं. माझ्याही आलं नाही. पुढे गाठीत दाबून बसल्यावर मुंबईच्या ओल्या हवेत ते ओघळलं आणि शेजारचे टॉवेलही घेऊन बसलं. हळद धुऊन जात नाही, आणि ब्लीच केलं तर निळी किनार उडते.

मी परत येऊन अण्णांना सगळं सांगितलं. एजंटही ऐकत होते. चूक माझी आहे, हेही सांगितलं. अण्णा ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "बोटीला दहा दिवस. ट्रकला, तपासणीला, गाठी बांधायला चार सोड. सहा उरले," एवढंच म्हणाले.

एजंट म्हणाले, "सहा दिवसांत सूत रंगवून, बीम भरून, विणून? माझे तिकडचे शेडवालेही करणार नाहीत." ते लॉजवर जाऊन राहिले. तमाशा बघायलाच राहिले असावेत असं मला वाटलं.

त्या सहा दिवसांत मी जे पाहिलं ते मला कॉलेजच्या चार वर्षांनी दाखवलं नव्हतं.

पहिली अडचण निळ्या रंगाची. पहिल्या वेळी वापरलेला रंग संपलेला. मी हॅम्बुर्गने पाठवलेला नमुना कागदावर चिकटवून रंगाऱ्याकडे नेला. त्याने कागद बाजूला ठेवला, नापास मालातला एक टॉवेल घेतला, त्याची किनार पाण्यात बुडवली आणि ओली लडी तिच्याशेजारी धरून उन्हात उभा राहिला. "वाळल्यावर रंग कोनबी वळखतंय," म्हणाला, "वला वळखता आला पायजे." तिसऱ्या लडीला मान हलवली. ती लडी वाळल्यावर मी जुन्या किनारीशी जुळवून पाहिली, मला फरक सांगता आला नाही. आणि वाळायला किती वेळ लागला? सोलापूरचं ऊन. दुपारपर्यंत सगळं सूत कडकडीत. माझ्या कागदात 'कोरडी हवा' तोट्याच्या बाजूला लिहिलेली होती.

दुसरी अडचण लूमची. निम्म्या लूमवर दुसऱ्या गिऱ्हाइकाचा माल चढलेला होता. तो उतरवायचा, नवा चढवायचा, ताण बसवायचा. हे काम जॉबरचं, म्हणजे लूमच्या डॉक्टरचं. हुसेनचाचा गल्लीचे जॉबर. पान लावलेलं, खांद्याला पान्यांची पिशवी. मी त्यांच्यामागे पळत होतो तेव्हा म्हणाले, "साब, कायकू घाबरे होते? तुम कागज लिखो, लूम हमारे कू छोडो." एका घरात लूम बसवताना शेजारच्या घरातल्या लूमचा आवाज भिंतीपलीकडून ऐकत आणि इथूनच ओरडत, "अरे अंबादास, तेरा डावा बाजू ढिला है!" डावी बाजू खरंच ढिली असे.

फणीचे दात वाकले तर फणीवाला पुढच्या बोळात. कांड्या कमी पडल्या तर समोरच्या घरातल्या आजी भरायला बसल्या. जुन्या बीमच्या धाग्याला नव्या बीमचा धागा एकेक करून सांधायचा असतो, हजारोंनी. त्यासाठी गल्लीतले निवृत्त म्हातारे चष्मे पुसून येऊन बसले. कुणाला बोलावणं लागलं नाही. एका घरात सूत तुटतंय म्हटलं की तिसऱ्या घरातून खळ कशी द्यायची ते सांगायला माणूस येई. मी पहिल्या दिवशी वही घेऊन फिरत होतो, दुसऱ्या दिवशी वही टेबलावर ठेवली, कारण मध्येच थांबून लिहीत राहिलो की मी सगळ्यांच्या वाटेत येत होतो.

आणि तिसरी अडचण, जिच्यामुळे सगळं अडलं. बीम तयार झाले, लूमवर चढले आणि लूम सुरू होईनात. मी अंबादासच्या घरात गेलो तर नरसम्मा हळदकुंकवाची वाटी घेऊन उभी आणि अंबादास हात बांधून.

"अक्का, या वेळी नको. पाया पडतो," मी म्हणालो.

"मी बी तुमच्या पाया पडते साहेब. कुंकवाबिगर बीम चालवायचा न्हाई. माझ्या सासूनं चालवला न्हाई, तिच्या सासूनं न्हाई."

"पण तोच माल नापास झाला ना?"

"कुंकवानं झाला का तुमच्या हुकमानं झाला?"

अंबादास जमिनीकडे बघत हसला. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. ती बरोबर बोलत होती. प्रत्येक घरात अशी एक वाटी घेऊन एक बाई उभी असणार हे मला ठाऊक होतं, आणि प्रत्येक घर नरसम्माच्या घराकडे बघत असणार हेही. अण्णांना विचारायला शेडपर्यंत जाण्याइतका वेळ होता. पण मी गेलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी अण्णांच्या वतीने शब्द दिला.

"लावा कुंकू. पहिला टॉवेल तुमचा. त्याचं सूत मी जादा देतो. दुसऱ्यापासून हॅम्बुर्गचे."

नरसम्माने वाटी खाली ठेवली नाही, आधी माझ्याकडे नीट बघितलं. "सगळ्या घरांना?"

"सगळ्या घरांना."

"मग आसं आधी सांगायचं की!" तिने बीमला कुंकू लावलं आणि अंबादासने लूम सुरू केला. मी दारातच उभा राहिलो. शेजारचा लूम सुरू झाला, मग समोरचा, मग पलीकडच्या बोळातला. चाळीस घरांत ती बातमी सांगायला मला एक पाऊलही टाकावं लागलं नाही. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुळीचं होतं असं मी अंबादासला सांगितलं.

सहाव्या दिवशी दुपारी ट्रक भरला. मी एकेक टॉवेल उलटसुलट करून पाहिला होता. ताण सारखा, किनार सारखी, पांढरा पांढराच. मी स्वतः एक धागाही विणला नव्हता, तरी तो ट्रक निघाला तेव्हा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढे बढतीच्या दिवशीही वाटला नाही. आम्ही जगातल्या कुठल्याही शहराला म्हणावं, करून दाखवा.

त्या रात्री मी माझा तो कागद पुन्हा मनात वाचला. बेरजा सगळ्या बरोबर होत्या. चुकला होता तो रकाना. मी एकेक माणूस मोजला होता, आणि इथे काम एकेका माणसाचं नव्हतंच. रंगाऱ्याचा डोळा, चाचांचा कान, नरसम्माची वाटी, त्या म्हाताऱ्यांची बोटं, हे सगळं हाकेच्या अंतरावर आहे म्हणून टॉवेल होतो. यातलं एक उचलून दुसरीकडे नेलं तर ते तिकडेही रंगारी राहील, जॉबर राहील, पण हे होणार नाही. पुढे कळलं की मोठमोठ्या विद्वानांनीही हे लिहून ठेवलं आहे, की एकाच धंद्याची माणसं एका ठिकाणी दाटीवाटीने राहिली की धंद्यातली विद्या तिथल्या हवेतच येते. मी तेव्हा तो धडा परीक्षेला येत नाही म्हणून गाळला होता. याचं वाईट मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांपुढे उभा राहिलो. जादा सूत दिल्याचं आधी सांगितलं. ते म्हणाले, "मला कळलं. नरसम्माच्या सुनेनं माझ्या बायकोला सांगितलं, तू घरी पोचायच्या आधी." मग मी म्हणालो, "अण्णा, माझा कागद चुकला. जागेवर सही करू नका." माझं बोलणं मलाच नोकरी सोडल्यासारखं वाटलं. अण्णांनी खिशातून तो कागद काढला, उलगडला, खालची लाल रेघ बोटाने दाखवली आणि पुन्हा घडी करून खिशात ठेवला.

तेवढ्यात एजंट आले. पांढरे बूट आता तांबडे झाले होते, कारण तेही सहा दिवस गल्लीत येऊन जाऊन होते. मालाबद्दल त्यांनी मनापासून चांगलं म्हटलं. मग नकाशा टेबलावर पसरला. "अण्णा, हा माल बघून तर मी आणखीच आग्रह करीन. सोमवारी येताय ना सह्यांना? जागा तर तुम्हाला पसंत आहे."

अण्णा नकाशावर वाकले. चौकोन बोटाने मोजल्यासारखा केला. बाहेर सगळे लूम चालू होते, त्यामुळे ते जरा मोठ्याने बोलले.

"जागा चांगली हाय हो. मोठी बी हाय. पन ही गल्ली तिच्यात मावत न्हाई."

एजंटांनी नकाशाची गुंडाळी केली आणि मला विचारलं, मुंबईची गाडी किती वाजता आहे.